पीएसए आटोक्यात आला, बाकीच्या तक्रारींचं काय?

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर उपचार झाले की पुढची काही वर्षं घर एका आकड्याभोवती फिरतं. तीन किंवा सहा महिन्यांनी पीएसएची (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची) रक्ततपासणी, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे फेरी, "छान आहे, पुढच्या वेळी भेटू." आकडा चांगला आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. अशा वेळी "डॉक्टर, लघवी गळते" किंवा "रात्री चार वेळा उठावं लागतं" असं म्हणणं अनेकांना कृतघ्नपणाचं वाटतं. जीव वाचला ना, मग एवढं तेवढं चालायचंच.

पण या एवढ्या तेवढ्यासकट पुष्कळ वर्षं काढायची असतात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेझमंड टूटू यांना हा कॅन्सर असल्याचं १९९७ साली कळलं. अधूनमधून उपचार घेत ते २०२१ पर्यंत, वयाच्या नव्वदीपर्यंत जगले. ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. कॅन्सर प्रोस्टेटच्या बाहेर न गेलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते: काहींचं प्रोस्टेट काढण्याचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त बारीक लक्ष. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले पुरुष सुमारे तीन टक्केच होते. आपल्याकडे बऱ्याच जणांचा आजार उशिरा, हाडांत पसरल्यावर सापडतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तरी पसरलेल्या आजारातही आता औषधांच्या जोरावर माणसं वर्षानुवर्षं जगतात. तेव्हा ती वर्षं कशी जातात, हा प्रश्न काही किरकोळ नाही.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. या तक्रारींचं वेळापत्रक प्रत्येक उपचारागणिक वेगळं असतं. ऑपरेशनचा त्रास सुरुवातीला सर्वात जास्त असतो आणि वर्ष-दोन वर्षांत कमी होत जातो. रेडिएशनचं बरोबर उलट: उपचार संपल्यावर बरं वाटतं आणि काही तक्रारी दोन, पाच, कधी दहा वर्षांनी उगवतात. पुरुषी हार्मोन थांबवणाऱ्या औषधांचा त्रास औषध चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावरही काही महिने राहतो. हे माहीत असलं की कशाची धीराने वाट पाहायची आणि कशासाठी एक दिवसही थांबायचं नाही, हे ठरवता येतं.

शेजार अडचणीचा

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी ओटीपोटात खोल, लघवीच्या पिशवीच्या अगदी तोंडाशी असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. लघवीची नळी तिच्या मधूनच खाली उतरते. तिच्या मागे चिकटून गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. दोन्ही बाजूंनी बारीक नसांचे जुडगे जातात, ज्यांच्यामुळे लिंगाला ताठरता येते. आणि खाली लघवी अडवून धरणारा स्नायू.

इतकी दाटी असल्यावर प्रोस्टेटवर काहीही करा, शेजाऱ्यांना धक्का लागतोच. "ऑपरेशन बिघडलं म्हणून असं झालं" असं रुग्णाच्या मनात हमखास येतं. कधी ते खरंही असतं, पण बहुतेक वेळा उत्तम हातांनी केलेल्या ऑपरेशननंतरही हा त्रास काही प्रमाणात होतो.

ऑपरेशननंतर: गळणारी लघवी

लघवी अडवायला पुरुषाच्या शरीरात दोन झडपा असतात. एक पिशवीच्या तोंडाशी, जी आपोआप काम करते. दुसरी प्रोस्टेटच्या खाली, जी आपण मुद्दाम आवळू शकतो. प्रोस्टेट काढताना वरची झडप जवळपास निकामी होते आणि सगळा भार खालचीवर येतो. आयुष्यभर जिने अर्धंच काम केलं, तिला आता एकटीने पेलायचं असतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली रबरी नळी (कॅथेटर) काढल्यावर पहिले काही आठवडे लघवी जवळजवळ सगळ्यांचीच गळते. खोकला आला, शिंक आली, पिंप उचललं, पंगतीत मांडी घालून जेवून उठायला गेलं की थेंब-दोन थेंब किंवा त्याहून जास्त. संध्याकाळी जास्त, कारण तोवर स्नायू दमलेला असतो.

बहुतेकांची सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते आणि ती वर्षभर हळूहळू चालू राहते. तरी सगळेच कोरडे होत नाहीत. प्रोटेक्टमध्ये ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण सहातला एक जण सहा वर्षांनंतरही पॅड वापरत होता. रेडिएशनच्या गटात हे प्रमाण पंचविसातला एक होतं.

सुधारणा व्हावी म्हणून पहिला उपाय व्यायाम. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे. चारचौघांत वायू सुटू नये म्हणून आपण जे आवळतो ते, आणि त्याच वेळी लिंगाचं मूळ आत ओढून घेतल्यासारखं, अंडकोष किंचित वर उचलल्यासारखं करायचं. ज्यांना योगातला मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा माहीत आहे त्यांना जागा लगेच सापडते. पोट, मांड्या, कुल्ले ताठ होता कामा नयेत, श्वास रोखायचा नाही. दहा सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला दहा सेकंद जमत नाहीत, तीन-चारपासून सुरू करा. लघवी करता करता मधे अडवून हा व्यायाम रोज करू नका. स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक. आणि उठताना, खोकताना, वजन उचलताना आधी आवळून मगच हालचाल करायची. खरा फरक या सवयीने पडतो. शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं, कारण चुकीचे स्नायू आवळत महिनोन्‌महिने घालवणारे खूप असतात.

वाढलेलं वजन, जुना खोकला आणि बद्धकोष्ठ, हे तिन्ही गळती वाढवतात. पाणी कमी पिणं मात्र उपाय नाही. घट्ट, पिवळी लघवी पिशवीला चुरचुरते आणि घाई आणखी वाढते. दिवसा नीट प्या, संध्याकाळनंतर कमी करा, चहाचे कप मोजा.

वैद्यकीय पुस्तकांत गळतीला 'सौम्य' म्हणतात. ती ज्याला आहे त्याला विचारा. भजनाला जाणं बंद, देवळाच्या गाभाऱ्यात शिरायला मन धजत नाही, नमाजाला रांगेत उभं राहायची भीती, एसटीचा लांबचा प्रवास नको, लग्नात पांढरा लेंगा नको. पॅड वापरायला कमीपणा वाटतो आणि वापरला तर टाकायचा कुठे? आपल्या पुरुषांच्या शौचालयांत कचऱ्याचा डबा नसतोच. ब्रिटनमध्ये 'प्रोस्टेट कॅन्सर यूके' या संस्थेने पुरुषांच्या शौचालयांत डबे ठेवावेत म्हणून मोहीम काढली. आपल्याकडे या गरजेचा उच्चारही कोणी करत नाही. तोवर पिशवीत दोन पॅड, एक जुनं वर्तमानपत्र आणि एक बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. पुरुषांसाठी वेगळ्या आकाराचे छोटे पॅड मिळतात. थेंबांसाठी अख्खा डायपर लावून उकाड्यात चामडी सोलून घ्यायची गरज नाही.

साधारण वर्षभर व्यायाम करूनही दिवसाला दोन-तीन पॅड भिजत असतील, तर आता वाट पाहण्यात अर्थ नाही. गळती कमी असेल तर नळीखाली जाळीची पट्टी बसवून आधार देता येतो. जास्त असेल तर कृत्रिम झडप: नळीभोवती द्रवाने भरलेली छोटी कॉलर, पोटात द्रवाचा फुगा आणि अंडकोषाच्या पिशवीत एक बटण. बटण दाबलं की कॉलर सैल होते, लघवी होते, आणि दोन-तीन मिनिटांत ती आपोआप परत आवळते. हे तंत्र १९७० च्या दशकापासून आहे आणि आजही जास्त गळतीसाठी तेच सर्वात भरवशाचं मानतात. महाग आहे, काही वर्षांनी बदलावं लागू शकतं. पण ते आहे, हेच पुष्कळांना कोणी सांगितलेलं नसतं. झडप बसवलेल्याने एक चिठ्ठी कायम खिशात ठेवावी: "कृत्रिम झडप आहे, ती आधी सैल करून तिचं काम थांबवल्याशिवाय कॅथेटर घालू नये." बेशुद्ध अवस्थेत कुठल्या इस्पितळात नेलं आणि कोणी नेहमीसारखा कॅथेटर सरकवला, तर झडपेचं आणि आतल्या लघवीच्या नळीचं नुकसान होतं.

गळतीबरोबर धार बारीक झाली असेल, कुंथावं लागत असेल, तर तो वेगळा प्रकार. पिशवी आणि लघवीची नळी जोडलेल्या जागी वण येऊन तोंड अरुंद झालेलं असतं आणि तुंबलेली लघवी ओसंडते. इथे व्यायामाने काही होणार नाही. युरॉलॉजिस्टला, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाला, लवकर दाखवावं.

रेडिएशननंतर: उशिरा येणाऱ्या तक्रारी

रेडिएशन, म्हणजे लोकांच्या बोलण्यात 'शेक', घेताना लघवीला जळजळ आणि जुलाब होतात, ते काही आठवड्यांत थांबतात. रुग्णाला वाटतं, सुटलो. पण किरणांनी आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांना झालेली इजा सावकाश पुढे सरकत असते. वाहिन्या आखडतात, भागाचा रक्तपुरवठा कमी होतो, लवचिकपणा जातो. भरपाई म्हणून शरीर नव्या, नाजूक वाहिन्या तयार करतं, ज्या जराशाने फुटतात. म्हणून कधी वर्षाने, कधी त्याहून पुष्कळ उशिरा संडासवाटे लाल रक्त, शेंबूड पडणं, एकदम घाई लागणं सुरू होतं. आताच्या मशिन पूर्वीपेक्षा नेमक्या मारा करतात, त्यामुळे हे कमी झालं आहे, संपलेलं नाही.

इथे आपल्याकडची एक ठरलेली चूक होते. रक्त दिसलं की मूळव्याध. मग कुणीतरी सांगितलेलं चूर्ण, गल्लीतल्या बोर्डावरचा "विनाऑपरेशन मूळव्याध उपचार", इंजेक्शन, क्षारसूत्र. रेडिएशन घेतलेल्या गुदाशयाला अशी जखम करणं धोक्याचं असतं, कारण ती भरून यायला रक्तपुरवठाच पुरेसा नसतो. दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांनाही आपणहून सांगा की प्रोस्टेटसाठी रेडिएशन झालं आहे. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवरचा लालसर भाग पाहून सवयीने तुकडा तपासायला काढला, तर तिथे न भरणारी जखम आणि क्वचित गुदाशय आणि लघवीच्या नळीमध्ये आरपार भोक पडू शकतं. तुकडा घ्यायचाच नाही असं नाही, पण जाणून घ्यायला हवा.

दुर्लक्ष मात्र करायचं नाही. रक्त आतड्याच्या कॅन्सरचंही असू शकतं, म्हणून तपासणी हवीच. रेडिएशनमुळेच आहे असं ठरलं आणि थोडंच असेल, तर पोट साफ ठेवणं, इसबगोल, एवढ्यावर अनेकांचं थांबतं. जास्त असेल तर सुक्राल्फेट या औषधाचा एनिमा किंवा दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने वाहिन्या डागणं हे उपाय आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

लघवीचंही असंच. पिशवी आखडल्याने ती लवकर भरल्यासारखी वाटते, वारंवार जावं लागतं, एकदा कळ आली की धीर धरवत नाही. प्रोटेक्टमध्ये बारा वर्षांनंतर रेडिएशनच्या गटातल्या जवळपास निम्म्या पुरुषांना रात्री दोन किंवा जास्त वेळा उठावं लागत होतं, ऑपरेशनच्या गटात एक तृतीयांश जणांना, आणि फक्त लक्ष ठेवलेल्या गटातही जवळपास निम्म्यांना. म्हणजे काही प्रमाणात हे वयाचंही आहे. पिशवी शांत करणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात, पण त्यांतल्या काहींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि म्हाताऱ्या माणसाचा गोंधळही उडू शकतो; तसं दिसलं तर गोळी बदलून मागा.

आणि लघवीत रक्त दिसलं, मग ते एकदाच का असेना, दुखत नसलं तरी, तर दुर्बिणीने पिशवी पाहून घ्या. बहुतेक वेळा किरणांनी नाजूक झालेलं अस्तर निघतं. पण रेडिएशननंतर अनेक वर्षांनी पिशवीचा किंवा गुदाशयाचा नवा कॅन्सर होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात पिशवीचा धोका मुळातच जास्त असतो. दहा वर्षांपूर्वीच्या रेडिएशनचा आताच्या रक्ताशी संबंध असेल, हे रुग्णाला सुचत नाही, नव्या डॉक्टरला ठाऊक नसतं. म्हणून जुनी फाइल टाकू नका.

जाता जाता पीएसएबद्दल. ऑपरेशननंतर तो जवळजवळ शून्यावर जातो. रेडिएशननंतर तसं होत नाही, ग्रंथी जागेवरच असते. शिवाय पहिल्या दोन-तीन वर्षांत तो मधेच थोडा वाढून परत उतरू शकतो. एका वाढलेल्या आकड्यावर झोप उडवून घेऊ नका आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना तर मुळीच नको.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही

ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला नेमक्या कुठून वळसा घालतात, हे सर्जनना फार उशिरापर्यंत नीट माहीत नव्हतं. अमेरिकेतले पॅट्रिक वॉल्श १९८१ साली हॉलंडमधल्या लायडनला गेले, तिथे पीटर डोंकर या निवृत्त युरॉलॉजिस्टबरोबर त्यांनी त्या नसांचा माग काढला, आणि १९८२ साली बाल्टिमोरमध्ये नसा वाचवून केलेलं पहिलं ऑपरेशन झालं. तोपर्यंत प्रोस्टेट काढली की ताठरता गेली, हे जवळजवळ गृहीतच असायचं. आजही नसा वाचवता येतील की नाही हे कॅन्सर त्यांना किती लागून आहे यावर अवलंबून असतं. आणि वाचवल्या तरी ओढाताणीने त्या निपचित पडतात. परत जाग यायला दीड-दोन वर्षंही लागतात. सहाव्या महिन्यात "आता संपलं" म्हणणं घाईचं आहे. रेडिएशनमध्ये उलटा क्रम: सुरुवातीला ठीक, मग दोन ते पाच वर्षांत हळूहळू उतार.

ऑपरेशननंतर आणखी काही गोष्टी बदलतात. वीर्य येत नाही, कारण ते बनवणारी आणि वाहून नेणारी व्यवस्थाच काढलेली असते. सुखाचा तो क्षण मात्र येऊ शकतो, ताठरता पूर्ण नसतानाही. त्या वेळी थोडी लघवी येऊ शकते. आधी मोकळं होऊन घेतलं की बरंच टळतं. लिंगाची लांबी थोडी कमी झाल्यासारखी वाटते, ती कल्पना नसते. मूल हवं असेल अशा वयाचा रुग्ण असेल, तर उपचाराच्या आधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारायला हवं. नंतर तो रस्ता फार अवघड होतो.

सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्या काम करतात, पण नसांचा थोडा तरी निरोप पोचत असेल तरच. त्या इच्छा निर्माण करत नाहीत. आणि ज्यांना छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी कुठली गोळी दिली आहे, त्यांनी या गोळ्यांना हातही लावू नये. दोन्ही एकत्र गेल्या तर रक्तदाब धोकादायक उतरतो. मित्राकडून मागून, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेऊन हे प्रयोग करू नयेत ते यासाठीच. गोळीने भागलं नाही तर हवा ओढून घेणारा पंप, लिंगात घ्यायचं बारीक सुईचं इंजेक्शन, आणि शेवटी आत बसवायचं रोपण. इंजेक्शनचं नाव ऐकून माणसं दचकतात. शिकल्यावर अनेकांना ते गोळीपेक्षा भरवशाचं वाटतं. त्याने आलेली ताठरता चार तासांत उतरली नाही, तर मात्र तातडीने इस्पितळ गाठावं.

रेल्वेच्या भिंतींवरच्या 'मर्दानी ताकदी'च्या जाहिरातींपासून लांब राहा. अशा 'पूर्णपणे नैसर्गिक' पुड्यांत सिल्डेनाफिलसारखी औषधं गुपचूप मिसळलेली सापडली आहेत. आणि टेस्टोस्टेरॉन वाढवण्याचा दावा करणारी कुठलीही पावडर प्रोस्टेट कॅन्सरच्या माणसाने आपल्या डॉक्टरला न विचारता घ्यायची नाही.

बायकोचा विषय यात सगळ्यात शेवटी निघतो. खरं तर तो पहिला असायला हवा. नवरा आपल्यात दोष आला म्हणून लांब झोपतो, तिला वाटतं त्याचं मन उडालं, आणि दोघंही गप्प. अनेक जोडप्यांत ती स्वतः पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाने, दुखण्याने त्रासलेली असते. तिला संभोग नको असतो, जवळ बसणं हवं असतं. हे एकमेकांना विचारल्याशिवाय कळायचं कसं?

हार्मोनचं इंजेक्शन

शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलं की वृषणं काढली, म्हणजे पुरुषी हार्मोन थांबवलं, की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर मागे हटतो. त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. आजही उपचाराचा पाया तोच आहे. वृषणं काढायचं छोटं ऑपरेशन, किंवा महिन्याने, तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. वारंवार इंजेक्शनचा खर्च आणि गावाहून येण्या-जाण्याचा त्रास टळतो म्हणून आपल्याकडे कित्येक जण ऑपरेशन निवडतात. परिणाम दोन्हीचा सारखाच, फक्त इंजेक्शन थांबवता येतं. थांबवल्यावरही हार्मोन परत यायला बरेच महिने जातात आणि उतारवयात ते पूर्वीच्या पातळीला येईलच असं नाही.

हे हार्मोन फक्त इच्छेचं नसतं. स्नायू, हाडं, रक्त, मनःस्थिती, चरबी कुठे साठायची, सगळ्यात त्याचा हात असतो. ते गेलं की एकदम अंगातून गरम वाफा, घाम, रात्री बनियन भिजणं. घरात पाळी गेलेली बाई असेल तर तिला हे ओळखीचं असतं, आणि या विषयावर नवऱ्याला सल्ला देण्याची तिला प्रथमच संधी मिळते. फार त्रास असेल तर त्यावर औषधं आहेत. दंड-मांड्या बारीक होतात, पोट सुटतं, छाती थोडी भरते, अंगावरचे केस विरळ होतात. इच्छा जवळजवळ नाहीशी होते. इथे ताठरतेची गोळी देऊन प्रश्न सुटत नाही.

न दिसणारे परिणाम जास्त गंभीर आहेत. साखर आणि कोलेस्टेरॉल वाढतं, आधीच हृदयविकार असेल तर धोका वाढतो. म्हणून या रुग्णाचा रक्तदाब, साखर, लिपिड यांवर पीएसएइतकंच लक्ष हवं. अबिराटेरॉनसारख्या हार्मोन थांबवणाऱ्या गोळीबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल, तर ते कधीही अचानक बंद करायचं नाही.

आणि हाडं. ती पहिल्याच वर्षापासून झिजायला लागतात, दुखत नाहीत, आणि एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो. रात्री तीनदा लघवीला उठणारा, मांड्यांतली ताकद गेलेला, हाडं विरळ झालेला माणूस अंधारात ओल्या फरशीवर चालतोय: या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे नोंदल्या जातात, पण पडताना तो एकाच वेळी तिन्हींमुळे पडतो. खुब्याचं हाड मोडलं की म्हातारपण एका दिवसात येतं. उपाय अगदी साधे आहेत. वाटेत रात्रीचा दिवा, कमोडजवळ धरायला दांडी, पलंगाशेजारी लघवीचं भांडं. हार्मोनचा उपचार सुरू होताना हाडं किती विरळ झाली ते मोजणारी डेक्सा तपासणी. ड जीवनसत्त्व मोजून घेणं; ऊन भरपूर असलेल्या आपल्या देशात त्याची कमतरता पुष्कळांना असते. कॅल्शियमसाठी दूध, दही, तीळ, आणि नाचणी, जिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. हाडं फारच विरळ असतील तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं देतात. ती सुरू करण्याआधी दात तपासून, काढायचे ते काढून घ्या, कारण नंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. डेनोसुमॅब मनाने बंद करू नका, हाडं वेगाने झिजून मणके मोडू शकतात.

या सगळ्यावर चालणारं एक स्वस्त औषध व्यायाम आहे, पण कोणता? "मी रोज सकाळी फिरतो" हे उत्तर अपुरं आहे. चालण्याने हृदयाला फायदा होतो; स्नायूंना आणि हाडांना वजनाशी झगडावं लागतं. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये हार्मोन थांबवण्याचा उपचार चालू असलेल्या पुरुषांकडून बारा आठवडे वजनांचे आणि दम लागेल असे व्यायाम करवून घेतले, तेव्हा हार्मोन नसतानाही त्यांचे स्नायू आणि ताकद वाढली. घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर नेणं, आठवड्यातून दोन-तीनदा, एवढ्याने सुरुवात होते. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कुठलं हाड किती भार झेलेल ते स्कॅन पाहून ठरतं.

थकव्याची गोष्ट वेगळी आहे. विश्रांतीने जात नाही असा हा थकवा. त्यामागे कमी झालेलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, मोडलेली झोप किंवा उदासपणा असू शकतो आणि यांतलं प्रत्येक तपासता येतं. चिडचिड, रडू येणं, कशातच रस नसणं हे हार्मोन जाण्यानेही होतं. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला आपण का रडतोय हेच कळत नाही, आणि घरचे म्हणतात, "आता तर रिपोर्ट चांगला आहे!" सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

डॉक्टरांसमोर

मोठ्या इस्पितळाच्या ओपीडीत डॉक्टरला पाच मिनिटं मिळतात आणि ती पीएसएमध्ये जातात. म्हणून कागदावर लिहून न्या: दिवसाला किती पॅड, रात्री किती वेळा उठणं, रक्त कधी आणि कुठून, शेवटचं इंजेक्शन कधी, डेक्सा झाली का. "थोडा त्रास आहे" या वाक्यावर काही होत नाही. "दिवसाला तीन पॅड, चौदा महिने" या वाक्यावर पुढची तपासणी लिहिली जाते. कॅन्सरच्या डॉक्टरांच्या हातात हे नसेल तर युरॉलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट, पोटाचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे चिठ्ठी मागा.

आणखी एक अडचण आपल्या घरांची. बाबांना तपासायला मुलगा घेऊन येतो, कधी सून, कधी मुलगी. फाइल त्यांच्या हातात, प्रश्न तेच विचारतात, उत्तरंही तेच देतात. त्यांच्यासमोर ताठरतेबद्दल किंवा भिजलेल्या पायजम्याबद्दल कोणता बाप तोंड उघडेल? डॉक्टरांनी आपणहून त्यांना बाहेर बसवलं तर उत्तम. नाही बसवलं, तर "मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय" असं बाबांनी म्हणावं, आणि मुलांनी ते ऐकून, का म्हणून न विचारता, उठावं.